मेजर क्रॉफर्डच्या शिल्लक गोळ्या

मी मुळात नेमस्त माणूस आहे. जर्मनीतल्या एर्लांगेनला आल्यापासून सात वर्षांत मी कधी लाल दिव्याला रस्ता ओलांडला नाही, रविवारी भिंतीला भोक पाडलं नाही आणि रिकाम्या बाटल्या काचेच्या रंगानुसार वेगवेगळ्या टाकल्या. अशा माणसाबद्दल मराठी मंडळात 'हरीश आपल्या मुलांना गोळीबाराचं वळण लावतोय' असं बोललं गेलं, ते मला फार लागलं. म्हणून काय घडलं ते कुणालाही न दुखावता क्रमानं लिहून ठेवतो. अरुंधतीबाई दुखावल्या तर मात्र इलाज नाही.

अरुंधतीबाई आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेच्या संपादक. आदल्या वर्षीच्या अंकात उकडीच्या मोदकांवर तीन लेख होते आणि जर्मनीत तांदळाची पिठी कुठली घ्यावी यावर तिन्ही लेखिकांचं एकमेकींशी जमत नव्हतं. तो अंक मुलांनी उघडूनही पाहिला नाही. म्हणून दोन हजार सहाच्या जुलैत, फुटबॉलचा वर्ल्ड कप संपून समोरच्या बाल्कनीतला झेंडा शेजाऱ्यांनी धुऊन, इस्त्री करून आत ठेवला त्याच आठवड्यात, आमच्या घरी पोह्यांवर समितीची बैठक बसली. या वेळी मुलांसाठी काहीतरी हवं, असा ठराव झाला. मग अरुंधतीबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, तुम्ही सॉफ्टवेअरमधले, तेव्हा मुलं खेळतात त्या एखाद्या गेमचे गुण आणि दोष लिहा.

मी सॉफ्टवेअरमधला आहे हे खरं. क्ष-किरण यंत्रातून निघालेला फोटो नीट छापला जावा, एवढ्यापुरताच मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण हे बाहेर पटत नाही. लोक मला फ्रिज का वाजतो तेही विचारतात. मी सौजन्यानं नकार द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात पुष्कर नावाच्या आमच्या मंडळातल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं नाव सुचवलं: 'मेजर क्रॉफर्ड'. या मेजरचे तीन सिनेमे येऊन गेले होते आणि आता त्यांच्यावरून बंदुकीचा गेम निघाला होता. नाव ऐकताच कोपऱ्यातल्या सोफ्यावरून माझ्या मुलीनं, उर्जानं, मान वर केली आणि विचारलं, "एष्ट, बाबा?" म्हणजे, खरंच?

मी होकार दिला तो या एका शब्दासाठी. उर्जा तेव्हा तेरा वर्षांची होती. अकराव्या वर्षी तिचं मराठी बंद पडलं. भांडण नाही, तंटा नाही. मी मराठीत विचारायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मग उत्तरं लहान होत होत 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही आणि 'एगाल', अशा तीन शब्दांवर येऊन थांबली. एगाल म्हणजे काहीही चालेल, मला काही पडलेली नाही. जेवायला काय करू, एगाल. पुण्याला आजीकडे कधी जायचं, एगाल. मला ते आतून खुपायचं. बायकोपाशी, संध्यापाशी, मी बोललो नव्हतो, पण तिलाही दिसत असणार. अशा मुलीनं दीड वर्षानंतर आपणहून मला प्रश्न विचारला होता. तिनं तोफेच्या तोंडी जायला सांगितलं असतं तरी मी पोहे संपवून निघालो असतो.

गेम आणायला गेलो तो पूर्ण तयारीनिशी. डब्यावर सोळा वर्षांखालच्यांना मनाई असल्याचा शिक्का असतो आणि दुकानात ओळखपत्र मागतात, असं पुष्करनं सांगितलं होतं. मी पासपोर्ट, राहण्याचा परवाना, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, आणि असू द्यावा म्हणून पगाराची स्लिप, असं सगळं प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून नेलं. काउंटरवरच्या मुलीनं वर न बघता विचारलं, भेट द्यायची आहे का, कागदात बांधू का. मी म्हटलं, नको, माझ्यासाठीच आहे. तेव्हा तिनं पाहिलं. आणि जे दिसलं त्यावरून ओळखपत्र मागायची तिला गरज वाटली नाही. ती फाइल मी तशीच घरी आणली.

आमच्या कॉम्प्युटरवर तो गेम चालेना. पुष्कर आला, त्यानं कव्हर उघडलं, आत बराच वेळ शोकाकुल चेहऱ्यानं पाहिलं आणि म्हणाला, "काका, हे म्युझियमला द्या." मी त्याच्याहून फक्त सतरा वर्षांनी मोठा आहे. नवं ग्राफिक्स कार्ड आलं, ते खोक्यात मावेना, म्हणून खोक्याची एक बाजू कायमची उघडी ठेवावी लागली. उघडं खोकं तापायला लागलं, म्हणून त्याच्यासमोर टेबल फॅन लावला. त्या जुलैत आमच्या घरात वारा फक्त कॉम्प्युटरला होता. संध्या म्हणाली की याच्या निम्म्या कौतुकानं तिच्या मिक्सरकडे बघितलं असतं तर चटणी तरी झाली असती.

अखेर एका शनिवारी दुपारी मी बसलो. त्याआधी माहितीपुस्तिका दोनदा वाचली होती आणि महत्त्वाच्या ओळी अधोरेखित केल्या होत्या. सुरुवातीचं संगीत थेट सिनेमातलं होतं, मेजरचा आवाजही जर्मन सिनेमातलाच. संध्यानं टीव्हीवर दोन भाग पाहिलेले, तिला तो स्वयंपाकघरातूनही ओळखू आला. वहीत मी पहिला गुण लिहिला. मग मेजर चालायला लागला आणि गुडघ्याएवढ्या कुंपणापाशी अडकला. सिनेमात हा गृहस्थ हेलिकॉप्टरमधून धावत्या आगगाडीवर उडी मारतो. इथे त्याला कुंपण ओलांडता येईना. मी सगळी बटणं दाबून पाहिली. तो खाली बसला, पुन्हा उठला, दोन गोळ्या आकाशात झाडल्या आणि फाटक उघडं असल्याचं माझ्या तेव्हा लक्षात आलं.

त्यात ही पडली जर्मन आवृत्ती. इथे पडद्यावर रक्त दाखवायला नको म्हणून खास सोय केली होती. शत्रूला गोळी लागली की तो मरत नाही. तो हळूच खाली बसतो, दोन्ही हात डोक्यावर ठेवतो आणि थोड्या वेळानं विरून जातो. बँकेवर दरोडा घालणारे बावीस गुंड नगरपालिकेच्या ऑफिसात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखे ओळीनं बसलेले पाहिल्यावर माझा आवेश गेला. हे दोषात घालावं की गुणात, ते मला लेख लिहायला बसेपर्यंत ठरवता आलं नाही.

उर्जाचं टेबल त्याच खोलीत होतं, कारण आमच्या घराला खोल्याच अडीच. मला वाटलं होतं, ती खुर्ची ओढून शेजारी बसेल. ती आली, डब्यावरचा शिक्का पाहिला आणि म्हणाली, "दास इस्ट आब झेखत्सेन." हे सोळाच्या पुढच्यांसाठी आहे. मी म्हटलं, अगं, घरात कोण बघतंय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की लाल दिव्याला न थांबल्याची भावना मला घरबसल्या झाली. मग तिनं आपली खुर्ची फिरवली, पडद्याकडे पूर्ण पाठ केली आणि गणिताचं पुस्तक उघडलं. झालं, म्हटलं, एवढा खटाटोप करून मुलीची पाठ पदरात पडली.

पाच मिनिटांत मेजर तीनदा मेला. चौथ्यांदा मरायच्या बेतात असताना मागून आवाज आला, "लिंक्स, बाबा." डावीकडे. मी डावीकडे वळलो, तिथे कुणीच नव्हतं, आणि उजवीकडून गोळी आली. उर्जानं मान न वळवता एक सुस्कारा सोडला, पडद्याकडे पाठ ठेवूनच खेकड्यासारखी माझ्या टेबलापर्यंत आली आणि हातानं चाचपून स्पीकर शोधले. ते मी जागा वाचावी म्हणून एकावर एक ठेवले होते. तिनं एक डावीकडे ठेवला, एक उजवीकडे, आणि तशीच परत गेली. त्यानंतर ती केवळ आवाजावरून सांगायची. लिंक्स. रेख्ट्स. आता तुझ्या मागे. जिन्यावर दोघं आहेत. कायद्यात बघण्याला बंदी होती, ऐकण्याबद्दल काही म्हटलेलं नव्हतं. बाप-लेक पाठीला पाठ लावून लढत होतो आणि मला आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलं आहे.

दोन वाजून पाच मिनिटांनी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, प्र्योल उभे होते, हातात इमारतीची नियमावली. हे निवृत्त भूमापक. मशीनगनचा आवाज ऐकून त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे. मी घाईघाईनं खुलासा करू लागलो की हा गेम आहे, मी लेखक आहे, अंक धार्मिक आहे. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांनी घड्याळ दाखवलं. एक ते तीन दुपारची विश्रांती असते, तीननंतर मी खुशाल गोळीबार करावा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. जाता जाता शेजारधर्म म्हणून सल्लाही दिला: हेडफोन घ्या.

सल्ला अगदी योग्य होता. पण हेडफोन घातले की आवाज माझ्याच कानात राहणार, उर्जाला काही ऐकू येणार नाही आणि आपण पुन्हा 'एगाल'वर येणार. म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं की मला हेडफोन चालत नाहीत, कानाला त्रास होतो. खोटं बोलण्याचा सराव नसला की माणूस असा अडकतो. हेर प्र्योल यांचा चेहरा पालटला. त्यांची मेव्हणी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे कामाला होती. जिथे वेळ मिळायला तीन महिने लागतात, तिथे त्यांनी माझ्यासाठी चार दिवसांत वेळ मिळवली आणि ती एका चिठ्ठीवर लिहून माझ्या टपालपेटीत टाकली. जर्मन माणसानं मिळवून दिलेली वेळ मोडणं शक्य नव्हतं. मी ऑफिसातून अर्धा दिवस रजा काढून, ठणठणीत कान घेऊन दवाखान्यात गेलो. काचेच्या पेटीत बसवून त्यांनी माझ्या कानावर हेडफोनच चढवले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम. प्रत्येक जण माझ्या वयापाशीच येऊन का थांबत होता कळत नाही. जिन्यात हेर प्र्योल वाट बघत होते, निदान काय म्हणून. मी म्हटलं, डाटेनशुट्स. म्हणजे खाजगी माहितीचं संरक्षण. ते लगेच दोन पावलं मागे सरकले, माफी मागितली आणि पुढे कधी विषय काढला नाही. मात्र भेटले की मोठ्यानं आणि सावकाश बोलतात.

तर मग रोज संध्याकाळी आणि शनिवारी तीननंतर आमचा गोळीबार चालायचा. माझी प्रगती मात्र होईना, आणि त्याचं कारण मेजरमध्ये नव्हतं. मेजरला वाटेत गोळ्या सापडतात, औषधाच्या पेट्या सापडतात. आता, ज्या घरात चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी कपाटात ठेवून आम्ही कान तुटलेल्या कपांतून चहा प्यायलो, नव्या चादरी ट्रंकेत ठेवून ठेवून घडीवर विरल्या, त्या घरात माझी जडणघडण झाली. हाताशी आहे म्हणून उधळायचं माझ्या रक्तात नाही. एका गुंडाला एक गोळी, तीही अगदी नाइलाज झाला तर. बाकी मी बंदुकीच्या दस्त्यानं भागवायचो. पायाला लागलं तरी औषधाची पेटी उघडायचो नाही. चालतंय तोवर चालू द्यावं. मेजर लंगडत लंगडत मरायचा तेव्हा त्याच्या खिशात चारशे गोळ्या आणि अकरा पेट्या असायच्या.

उर्जाला दिसत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. एके दिवशी तिनं विचारलं, "वारूम शीस्ट दू निष्ट?" तू गोळी का झाडत नाहीस?

"जपून ठेवतोय," मी म्हटलं. "गेम इथे साठवून ठेवता येतो. तू सोळाची झालीस की इथून पुढे तू खेळ. तुला लागतील."

 या वेळी ती एगाल म्हणाली नाही.

लेख लिहून झाला. चार गुण, चार दोष, शाळेत शिकवल्याप्रमाणे प्रत्येकाला क्रमांक, समारोपात सुवर्णमध्य. ईमेलनं पाठवला तर अरुंधतीबाईंच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलून त्याचे सगळे चौकोन झाले, म्हणून छापून हातात नेऊन दिला. त्यांनी तो नव्यानं टाइप केला. मग छापखान्याचा निरोप आला की पानांची संख्या चारच्या पटीत हवी आणि एक पान जास्त होतंय. अरुंधतीबाईंनी एक पान काढलं. कुठलं काढलं हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि त्या स्वतःही बहुधा बघत नव्हत्या.

गणपतीचा कार्यक्रम चर्चच्या सभागृहात होता. सहाला हॉल झाडून, पुसून परत द्यायचा, म्हणून तिथले व्यवस्थापक पाच वाजल्यापासूनच किल्ल्या घेऊन दारात उभे होते. आरती झाली, अंक वाटले गेले, आणि मी सहज चाळतोय असं दाखवत पान एकवीस उघडलं. शीर्षक ठीक होतं: 'गुण आणि दोष'. खाली चारही गुण होते. 'गोळीबाराचा आवाज अत्यंत सुस्पष्ट.' 'एकदा बसलं की उठावंसं वाटत नाही.' पानाच्या तळाशी ठळक अक्षरात 'दोष'. मी पान उलटलं. समोर पानभर अध्यक्ष दत्तात्रय यांचा हसरा फोटो होता, खाली 'मंडळाच्या वतीनं शुभेच्छा'.

काही क्षण हॉलमध्ये फक्त पानं उलटल्याचा आवाज होता. मग वल्लरी, तिची दोन मुलं बालवर्गात आहेत, उठून उभी राहिली आणि म्हणाली की गणपतीच्या अंकात मुलांना असलं काही शिकवायचं असेल तर पालकांना आधी विचारायला हवं होतं. तिच्या मागे आणखी दोघं उठले. दत्तात्रय उठले नाहीत. त्यांनी अंक मांडीवर उघडाच ठेवला होता आणि ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, की हरीश, दोष नेमके कुठले ते एकदा सांगून टाका. मी माइक घेतला. माइक किंचाळला.  मी अरुंधतीबाईंकडे पाहिलं, त्या गणपतीकडे बघत होत्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतून उर्जा आली. तिनं माझ्या हातातून माइक घेतला. मला वाटलं, जर्मनमध्ये काहीतरी सांगेल.

"दोष मी सांगते," ती म्हणाली, मराठीत. थांबत, शब्द शोधत. "कुंपण लहान आहे तरी मेजर उडी मारत नाही. सिनेमा बघितला असेल तर शेवट आधीच माहीत असतो. सगळे वाईट लोक एकच वाक्य बोलतात. आणि कुणी मरत नाही, नुसते बसून राहतात. हे बाबानं लिहिलं होतं. मी बघितलं नाही, मी फक्त ऐकलं. मी सोळाची नाहीये." तिनं श्वास घेतला. "अजून एक दोष आहे, तो बाबानं लिहिला नाही. बाबा एकपण गोळी वापरत नाही. सगळ्या ठेवून देतो आणि मरतो. मी विचारलं कशाला. तर म्हणाला, तुला लागतील."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरी न वापरलेल्या कपबश्या होत्या. वल्लरी सावकाश खाली बसली. दत्तात्रय यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हा दोष असेल तर आपण सगळेच त्यात आलो, माझा फोटो योग्य जागीच आहे. मला डोळ्यांतलं पाणी आवरता आलं नाही, आणि आवरायचा मी फारसा प्रयत्नही केला नाही. लगेच अरुंधतीबाईंनी घोषणा केली की प्रसाद घ्या, सहाला हॉल रिकामा करायचाय.

घरी येताना गाडीत मी उत्साहानं विचारलं, काय मग, जेवायला काय करायचं. "एगाल," उर्जा म्हणाली. चमत्कार मंडळाच्या वेळेपुरता होता.

पण ते खोकं मी टाकलं नाही. संध्यानं दोनदा ते तळघरात नेलं, मी दोनदा वर आणलं. तीन वर्षांनी उर्जा सोळाची झाली, त्या दिवशी तिला खुर्चीवर बसवलं, फॅन लावला आणि साठवलेला गेम उघडून दिला. चारशे बारा गोळ्या, अकरा पेट्या. तिनं त्या सगळ्या गोळ्या सहा मिनिटांत उडवल्या. भिंतींवर, दिव्यांवर, खिडक्यांवर, क्वचित एखाद्या गुंडावर. मी शेजारी बसून एकेक गोळी जाताना पाहत होतो आणि तोंड दाबून गप्प होतो. गोळ्या संपल्या तशी ती मागे रेलली.

"बोअर आहे रे बाबा हा गेम," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग राहू दे, बंद करू. ती उठली आणि मला खुर्चीत बसवलं. मग आपली खुर्ची ओढली, पडद्याकडे पाठ करून बसली आणि मांडीवर पुस्तक उघडलं. मी रिकाम्या बंदुकीनिशी फाटकातून आत शिरलो. 

"डावीकडे, बाबा," ती म्हणाली.